विंगेत कुणी बसायचं नाही

फोन आला तेव्हा मी शाळेत जायला निघालो होतो, एक पाय चपलेत आणि एक बाहेर. सुमनवहिनींचा आवाज होता. "भाऊजी, हे गेले पहाटे," एवढंच म्हणाल्या आणि मग आम्ही दोघंही फोन कानाला धरून नुसते उभे राहिलो. रंगमंचावर इतका वेळ कुणी बोललं नाही तर प्रेक्षक खुर्च्या वाजवायला लागतात. शेवटी त्यांनीच मला सावरून घेतलं. "सावकाश या, गाडी जपून चालवा," म्हणाल्या. ज्या बाईचा नवरा दोन तासांपूर्वी गेला होता ती मला गाडी जपून चालवायला सांगत होती आणि मी आपला 'हो, हो' म्हणत होतो. नानांना जाऊन आता दोन महिने होतील. या दोन महिन्यांत मी हे लिहायला चार वेळा बसलो आणि चारही वेळा उठलो.

नाना म्हणजे रघुनाथ निकम. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते, आणि दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तोंडाला रंग फासणारी जी आमची हौशी नटांची जमात, तिच्यातले माझे सगळ्यात जवळचे. कुठल्याही शोकसभेतून बाहेर पडताना 'मेलेल्या म्हशीला मणभर दूध' असं म्हणायची त्यांची सवय होती, आणि तेही चांगलं चार लोकांना ऐकू जाईल असं. तेव्हा मी दूध मोजणार नाही. नाना चिडके होते, हट्टी होते, तालमीला कुणी पाच मिनिटं उशिरा आलं तर त्याच्याशी दिवसभर बोलायचे नाहीत, आणि पाजलेल्या चहालाही नावं ठेवायचे. मीही काही कमी नव्हतो. मला गर्व होता तो पाठांतराचा. तिसऱ्या तालमीला माझ्या हातात वही नसायची आणि दहाव्या तालमीला समोरच्याचीही वाक्यं मला पाठ झालेली असायची. हा गर्व पुढे कसा उतरला तेच खरं तर मला सांगायचं आहे. म्हणजे हा लेख नानांपेक्षा माझ्यावरच जास्त होणार. त्याची लाज वाटते, पण इलाज नाही.

आमची ओळख नव्वदच्या आसपासची. मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो, अजूनही शिकवतो, आणि आमच्या हौशी नाट्यमंडळाचे पडदे रंगवता रंगवता हळूच पडद्याच्या पुढे आलो होतो. त्या वर्षी आम्ही एक कौटुंबिक नाटक बसवलं होतं. प्रॉम्प्टर म्हणून विंगेत एक गृहस्थ पुस्तक घेऊन बसायचे. त्यांचा आवाज असा खणखणीत, की वाक्य आधी प्रेक्षकांना ऐकू जायचं आणि मग नटाला. एका प्रयोगात नायक अडला, गृहस्थांनी वाक्य दिलं, त्याला नेमकं ते ऐकू आलं नाही, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी ते त्याला परत सांगितलं. हॉल हसून लोळला. नानांचं त्या नाटकात चार वाक्यांचं काम होतं. प्रयोग संपल्यावर ते तडक विंगेत गेले, त्या गृहस्थांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि मिटलं. "आजपासून विंगेत कुणी बसायचं नाही," म्हणाले. "तोल गेला तर समोरच्याने हात द्यायचा. मागून ढकलायचं नाही." चार वाक्यांच्या नटाने एवढं बोलावं हे काहींना झोंबलं. पण मंडळ चालवणारे आणि दिवेही सांभाळणारे आमचे बापू गायधनी, त्यांनी मान हलवली आणि तो नियम होऊन बसला. कारखान्यात नाना विमानाचे सुटे भाग मोजायचे, केसाएवढा फरक निघाला तरी भाग बाजूला काढायचे. 'नट सैल राहिला तर विमान पडतं, आणि नाटकही,' हा त्यांचा आवडता विनोद. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हसलो, पन्नासाव्यांदा ऐकला तेव्हा त्यांना मारावंसं वाटलं, आणि आता तो मीच शाळेत पोरांना सांगतो.

मग ते भावांचं नाटक आलं. मंडळातल्याच एका पोस्टमनने लिहिलं होतं. त्याला रीतसर नाव होतं, पण आम्ही सगळे 'भावांचं नाटक'च म्हणायचो. वीस वर्षं एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ एका एस.टी. स्टँडवर योगायोगाने एकाच बाकड्यावर येऊन बसतात. दोघांनाही भाचीच्या लग्नाला जायचं आहे आणि गाडी काही येत नाही. मोठा भाऊ नाना, धाकटा मी. रंगमंचावर एक बाकडं, एक पाण्याचा माठ आणि मी रंगवलेला वेळापत्रकाचा फळा, बस्स. दोन अंक भांडण, टोमणे, आईच्या आठवणी. लहानपणी भाकरीचा मोठा तुकडा कुणाला यावरून दोघं एकमेकांची डोकी फोडायचे, हेही मध्ये येऊन जातं. आणि शेवटी 'भूक लागली असेल' असं म्हणून मोठा भाऊ पिशवीतून डबा काढतो, भाकरी मोडतो आणि अर्धी धाकट्यापुढे धरतो. बोलत काही नाही. मग धाकटा एक वाक्य बोलतो, मोठा हसतो, लांबून गाडीचा हॉर्न येतो आणि पडदा पडतो. धाकट्याच्या, म्हणजे माझ्या, त्या एका वाक्याला दर वेळी बायका पदराने डोळे पुसायच्या. एरवी आमचं अहो-जाहो. ते मला 'मास्तर' म्हणायचे, मी त्यांना 'नाना'. एकमेकांना अरे-तुरे आम्ही फक्त त्या बाकड्यावर केलं.

डबा खरा पाहिजे हा नानांचा हट्ट. "रिकाम्या डब्यासमोर भूक लागत नाही हो, मास्तर." म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी वहिनी बाजरीची एक भाकरी थापायच्या, तिच्यावर लसणाची चटणी, आणि तो जुना पितळी डबा, झाकणाला एका बाजूने पोचा पडलेला. नाना भाकरी मोडायचे ती अशी, की दोन्ही अर्ध्या तंतोतंत सारख्या. मी एकदा प्रयोगानंतर गंमत म्हणून पट्टी लावून पाहिली होती. "इन्स्पेक्शनचा माणूस आहे," म्हणाले, "रिजेक्ट करायला जागा नाही ठेवणार तुम्हाला." मूळचे ते सटाण्याकडचे, घरात वहिनींशी बोलणं सगळं अहिराणीत. पण रंगमंचावर त्यांची भाषा इतकी स्वच्छ, की पुण्याचे परीक्षक त्यांना 'तुम्ही सदाशिव पेठेतले का' म्हणून विचारायचे. कारखान्याच्या बसमध्ये जाता-येता वर्तमानपत्र मोठ्याने वाचून त्यांनी ती कमावली होती. शेजारचे कामगार कावायचे म्हणे, पण त्यांना बातम्या फुकटात मिळायच्या.

नऊ वर्षं आम्ही ते नाटक केलं. आधी स्पर्धेत, मग कुणी बोलावेल तिथे. गणपतीत, शाळांच्या संमेलनात, एकदा सटाण्याला नानांच्या आईसमोर. म्हातारी पहिल्या रांगेत बसली होती. प्रयोगानंतर तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि नानांना म्हणाली, "हाऊ बी मनाच पोऱ्या शे." हा पण माझाच मुलगा आहे. त्या दिवशी परत येताना जीपमध्ये नाना सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं रागावले. आता वाटतं, तसं नसावं.

पहिली चूक पेठ गावी झाली. शाळेच्या मैदानावर दुपारचा प्रयोग, समोर गावातली सगळी पोरंटोरं. पहिल्या अंकात, भांडणाला नुकती सुरुवात झाली असताना, नानांनी पिशवीतून डबा काढला आणि उघडला. मी चमकलो. शेवट पहिल्याच अंकात! मी म्हटलं, "एवढ्यात भूक लागली का रे तुला? ठेव तो डबा, गाडीत खाऊ." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, हसले, डबा ठेवला, आणि प्रयोग पुढे सरकला. परतीच्या वाटेवर आम्ही पोट धरधरून हसलो. 'नाना, वहिनी उपाशी ठेवतात काय तुम्हाला?' बापूंनी विचारलं. नानाही हसले. पण आपण हसतोय ती गोष्ट कोणती, हे त्यांना नीट आठवत नव्हतं, असं मला तेव्हाच वाटलं होतं... आणि मी ते वाटणं बाजूला सारलं.

नंतर प्रत्येक प्रयोगात काहीतरी निघायला लागलं. वाक्य अर्ध्यावर सुटायचं. मी ते उचलून प्रश्न करायचो. 'म्हणजे तुला म्हणायचंय, आईच्या आजारपणात मी आलो नाही?' मग ते म्हणायचे, 'हो, तेच म्हणतोय!' आणि गाडी रुळावर यायची. त्यांनीच घालून दिलेला नियम मी पाळत होतो, समोरून हात देत होतो. खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची. दोघांची वाक्यं एकट्याने पेलतोय, प्रेक्षकांना पत्ता लागत नाही, विंगेत बापू अंगठा वर करून दाखवतायत... माझ्या पाठांतराचा असा सोहळा कधी झाला नव्हता. समोरचा माणूस बुडत होता आणि मी माझं पोहणं बघून खूश होतो. हे मला आज दिसतं.

मग एका संध्याकाळी वहिनी आमच्या घरी आल्या आणि काय घडलं ते सांगून गेल्या. नानांचं घर गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला होतं, तिथे तेव्हा अजून भाजीचे आणि फुलांचे मळे शिल्लक होते. कारखान्याची बस कोपऱ्यावर सोडायची, तिथून शेवंतीचा मळा आला की डावीकडे वळायचं, हा नानांचा वर्षानुवर्षांचा रस्ता. त्या उन्हाळ्यात मळा विकला गेला आणि तिथे इमारतीचा पाया खणला. नाना त्या खड्ड्याच्या कडेला येऊन थांबले ते थांबलेच. दिवेलागणीला मळेवाल्यांची म्हातारी त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली. "बाई, हे तिकडंच हुभे व्हते," ती सांगत होती म्हणे. "शेवंती कुठं गेली, शेवंती कुठं गेली, म्हनून इचारत व्हते. लय येळचे. आता काय सांगू मी, कुठं गेली ते?"

डॉक्टरांनी तपासलं, निरनिराळे फोटो काढले, आणि एक नाव सांगितलं. वाढतं वय असं म्हणावं तर नाना अजून साठीलाही पोचले नव्हते. औषधाने थोडं लांबेल, थांबणार नाही, एवढं कळलं. नाना कारखान्यातून लवकर निवृत्त झाले. मंडळात कुजबुज सुरू झाली, की आता हे नाटक बंद करावं, माणसाची शोभा होण्याआधी. हे वहिनींच्या कानावर गेलं. त्या बापूंकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. "भाऊजी, बंद नका करू," म्हणाल्या. "घरात मला कधी आई समजतात, कधी कोण समजतात. पण प्रयोगाच्या दिवशी सकाळी विचारतात, सुमन, भाकरी झाली का? त्या दिवशी मी सुमन असते." मी म्हटलं, बघतो. मी कसला बघणार होतो. वर्षभर आम्ही रेटलं, मग बापूंनीच एके दिवशी शांतपणे सांगितलं, की एक शेवटचा प्रयोग करू, आपल्या गावात, मोठ्या नाट्यगृहात, आणि मानाने थांबू. नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. गाडी कधीतरी यायचीच."

व्यावसायिक नटाचं नाटक बंद झालं तर त्याला दुसरं मिळतं. हौशी नटाचं बंद झालं, की त्याला रिकामी संध्याकाळ मिळते. शेवटच्या प्रयोगाच्या आधीचे पंधरा दिवस मी शाळेत फळ्यासमोर उभा राहून विसरायचो, की काय काढायचंय. नऊ वर्षांत या नाटकाने मला एक भाऊ दिला होता आणि आता तो परत घेतला जाणार होता, रंगमंचावरूनही आणि बाहेरूनही. आणि वर एक भीती. कारखान्याची माणसं बसेस भरून येणार होती, सटाण्याहून भाऊबंद येणार होते. एवढ्या लोकांसमोर नाना अडले, मला सावरता आलं नाही आणि कुणी हसलं तर? नऊ वर्षांची कमाई त्या एका हसण्यात जायची. ही भीती माझ्या मनात अशी बसली, की मी ते केलं जे करायचं नव्हतं. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही वही घेऊन विंगेत बसा.

"त्यांना चालायचं नाही," त्या लगेच म्हणाल्या.

"त्यांना कळणारच नाही. मी आहे ना समोर. गरजच पडणार नाही, नुसत्या बसा."

त्या बसल्या. माझ्या शब्दाला मान देऊन बसल्या. काळ्या पडद्यामागे एका स्टुलावर, मांडीवर वही, ओळीवर बोट.

पहिला अंक असा झाला, की काय सांगू. नानांचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. नऊ वर्षांतला सगळ्यात चांगला अंक. मध्यंतरात मी वहिनींना म्हणायला हवं होतं, की जा, समोर खुर्चीत बसून बघा आता. मनात आलंही होतं. पण मी चहा पीत बसलो आणि लोकांच्या शाबासक्या घेत बसलो. दुसरा अंकही तसाच सरकला, आणि शेवट आला. नानांनी पिशवी पुढे ओढली, डबा काढून मांडीवर ठेवला. आता 'भूक लागली असेल' म्हणायचं. ते थांबले. डब्याकडे बघत थांबले. सगळं नाट्यगृह श्वास धरून होतं. मी त्यांच्याकडे बघत होतो, मला घाई नव्हती, तो थांबा इतका सुरेख होता की मला त्यात हातही घालावासा वाटला नाही... आणि विंगेतून आवाज आला. हळूच, एखाद्या बायकोने जेवायला विचारावं तसा. "भूक लागली असेल..."

नानांनी झटकन मान वळवली. "कोन शे तठे?" त्यांनी विचारलं. मग काळ्या पडद्याच्या फटीतून त्यांना त्या दिसल्या. "तू आठे काय करी ऱ्हायनी?" तू इथे काय करतेस? पहिल्यांदाच त्या रंगमंचावर त्यांच्या तोंडून घरातली भाषा आली. लोक हसले. वाईट हसले नाहीत, त्यांना वाटलं नाटकातच आहे. पण हसले. नाना माझ्याकडे वळले आणि अगदी खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाले, "मास्तर, विंगेत माणूस बसवलंत?" दोघांची वाक्यं पाठ असलेला मी, मला माझं एकही सुचेना. त्यांनी डब्याचं झाकण तपासून बघावं तसं हाताने दाबलं आणि डबा पिशवीत परत ठेवला. भाकरी मोडलीच नाही. बापूंनी काय समजायचं ते समजून दिवे हळूहळू उतरवले आणि पडदा टाकला. आणि मग टाळ्या. सगळे उठून उभे राहिले होते, टाळ्या थांबत नव्हत्या. त्या टाळ्या मला आजही ऐकवत नाहीत.

रंगपटात नाना खोबरेल तेलाने तोंड पुसत होते. मी मागे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "नाना, चुकलं माझं." आरशातूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी विसरलो नव्हतो, मास्तर," म्हणाले. "थांबलो होतो."

हे खरं होतं का? मला माहीत नाही. कळायचा काही मार्गही उरला नाही. पुढे कधीतरी शांतपणे विचारू म्हणून मी ठेवून दिलं, आणि विचारायची वेळ आली तोवर ते नाटक, तो प्रयोग, मी, सगळंच त्यांच्याकडून निघून गेलं होतं. नाटक करणाऱ्या माणसाला थांबण्यातला आणि विसरण्यातला फरक कळायला हवा. समोर बसलेल्या मला तो नऊ वर्षांनंतरही कळला नाही, आणि त्यांचा थांबा मी मोडून टाकला. वहिनींना तर मी तोंडच दाखवू शकत नव्हतो. त्यांनीच निरोप पाठवला, येत जा म्हणून.

मग पाच-सहा वर्षं मी जात राहिलो. आधी दर रविवारी, मग महिन्यातून दोनदा, मग जमेल तसं. मळ्यांच्या जागी एकेक करत इमारती उभ्या राहिल्या, आणि नानांचं घर शोधायला मलाच कधी कधी थांबावं लागायचं. त्यांनी कमावलेली ती स्वच्छ भाषा गेली. अहिराणी तेवढी राहिली, आईची. मी दारात उभा राहिलो की ते विचारायचे, "कोन शे?" आणि वहिनी आतून सांगायच्या, "मास्तर उनात." नाना मान डोलवायचे, कुणीतरी मास्तर आलेत एवढं समजून. शेवटी शेवटी ते ताटात जेवेनासे झाले. ताट पुढे ठेवलं की सरकवून द्यायचे. एकदा वहिनींनी सहज म्हणून तो पितळी डबा पुढे ठेवला, तर उघडून जेवले. तेव्हापासून दोन्ही वेळचं जेवण त्या डब्यात.

आमची शेवटची भेट दुपारची. ते खाटेवर बसले होते, मी समोर स्टुलावर. वहिनींनी डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पाणी आणायला स्वयंपाकघराकडे वळल्या. नानांनी झाकण काढलं. भाकरी उचलली. मोडली ती तशीच, दोन्ही अर्ध्या सारख्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण टोमणा म्हणून म्हणतो. मी तो पीळ डोळ्यांनी पाहिला आणि हात जोडावेसे वाटले. मग त्यांनी डावा हात पुढे केला. अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे असं बघत होते. वाट बघत होते.

माझं वाक्य होतं.

आणि मला ते आठवेना. तोंड उघडलं, आणि आत काहीच नाही. वाक्य लहान होतं एवढं आठवत होतं, बायका रडायच्या हे आठवत होतं, ते बोलताना मी कुठला खांदा कसा वळवायचो हेसुद्धा आठवत होतं. वाक्य नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांना वाक्य येत होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांचे ओठ हलले. आणि त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला. नानांचा हात हवेत होता, तो खाली यायला लागला, त्यांनी तो परत वर उचलला. शेवटी न राहवून मी म्हणालो, "नाना, तुम्ही जेवा, माझं झालंय." भलतंच वाक्य. नाटकात कुठेही नसलेलं. त्यांच्या डोळ्यांत जे काही उजळलं होतं ते गेलं. त्यांनी ती अर्धी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि हाताने दाबलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नंतर दीड महिन्याने वहिनींचा तो फोन आला.

तेराव्याला सगळे गेल्यावर वहिनींनी मला थांबवून घेतलं आणि तो डबा माझ्या हातात दिला. "याच्यात आता कोण जेवणार इथे?" म्हणाल्या. मी त्यांना विचारलंच. म्हटलं, वहिनी, तुम्हाला येत होतं ना? का नाही सांगितलंत? "ओठांवर आलं होतं, भाऊजी," म्हणाल्या. "पण मागच्या वेळी बोलले, तर नाटक मोडलं. म्हटलं, या वेळी तुम्ही दोघंच बघून घ्याल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी कपाटातलं सगळं खाली काढलं. जुनी चित्रं, पेपर, प्रमाणपत्रं... सगळ्यात तळाशी नाटकाची ती वही सापडली, चहाचे डाग पडलेली. शेवटचं पान काढलं. तीन शब्द होते. *दादा, मोठी तुला.* दोन्ही तुकडे सारखे असताना धाकटा असं म्हणतो, म्हणून तर मोठा हसायचा. नऊ वर्षं दुसऱ्याची वाक्यं सावरत मिरवणाऱ्या माणसाला त्या दुपारी हे तीन शब्द सापडले नाहीत.

डबा आता माझ्याकडे असतो, जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी. रविवारी बायको बाजरीची भाकरी करते. मी ती मोडतो. कितीही जपून मोडली तरी एक अर्धी मोठी होतेच, माझा हात तपासणी खात्यातला नाही. मोठी मी डब्यात ठेवतो आणि वाक्य म्हणतो. आता मला ते पक्कं पाठ आहे. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणतो. स्वयंपाकघरातून बायको विचारते, "काही म्हणालात का?"

"काही नाही," मी म्हणतो आणि झाकण लावतो.